परदेशी भेटलेला शेजारी

शास्त्रपाठ : लूक १० : २५ ते ३७, प्रेषितांची कृत्ये २८ : १ ते १०.

धड्याचा हेतु : परक्या मुलखात परक्यांकडून मिळणारा स्नेह कसा ओळखावा, तो कसा स्वीकारावा, आणि आपल्या दारी आलेल्या परक्याशी आपण कसे वागावे, हे शिकणे.



आमचे पडेगाव छत्रपती संभाजीनगराच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबाद व वेरूळ यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शहर वाढत वाढत आता गावाच्या अंगणात येऊन ठेपले आहे. तथापि रस्ता तोच आहे, आणि त्या रस्त्याने परकी माणसे पूर्वीपासून जात आली आहेत. मोरोक्को देशाचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेस आला आणि तेथील किल्ल्याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेविले. ज्या शहराच्या कडेस आपण राहतो त्याचा पाया सन १६१० मध्ये खडकी ह्या नावाने घालणारा मलिक अंबर हाही परदेशीच होता. हबसाण देशात जन्मून, गुलाम म्हणून विकला जाऊन तो ह्या मुलखात आला होता. सन १९८३ मध्ये वेरूळ व अजिंठा येथील लेणी जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि दूरदूरच्या देशांतील लोक ती पाहावयास येतात. ते आपल्या दारावरून जातात. आपण त्यांजकडे पाहतो, ते आपणांकडे पाहतात, आणि गाडी पुढे निघून जाते.

उलटपक्षी आपलीही मुले आता परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी आखाती देशांत कामास जातो, कोणी परिचारिका म्हणून जाते, कोणी शिकावयास जातो. जाणाऱ्याची आई आम्हांस विचारते, “पाळकसाहेब, तिकडे माझ्या लेकराला कोण आपलं म्हणेल?” हा प्रश्न लहान नाही. त्याचे उत्तर शोधावे म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहो. शिवाय हा धडा लिहिण्यास आमच्या हातून घडलेला एक अपराधही कारण झाला आहे. तो शेवटी सांगू. आधी एका महाराष्ट्रीय मुलीचा वृत्तांत ऐका.

१. एक पत्र व त्याची दोन उत्तरे

आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकिले असेल. वैद्यकीची पदवी मिळविणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून त्यांची कीर्ति आहे; त्यांजवर कादंबरी झाली, नाटक झाले, सन २०१९ मध्ये चित्रपटही निघाला. परंतु आज आम्ही पदवीविषयी बोलणार नाही. ती पदवी ज्या एका अनोळखी बाईच्या ओसरीवरून पुढे गेली, त्या ओसरीविषयी बोलणार आहो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणचे जोशी हे त्यांचे माहेर. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांजशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते आणि बायकोस शिकवावे ह्या एका ध्यासाने पछाडलेले होते. चवदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. स्त्रियांस स्त्री वैद्य नाही, ह्या उणिवेचे दुःख त्यांनी आपल्या उदरीच भोगिले. आपण वैद्यकी शिकावी ह्या इच्छेचे मूळ तेथे आहे.

सन १८७८ मध्ये गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी अमेरिकन मिशनाशी पत्रव्यवहार केला. बायकोस अमेरिकेत शिकवावे, आपणांसही तेथे काही काम मिळावे, अशी त्यांची विनंती होती. ते पत्र रेव्हरंड वाइल्डर ह्यांच्या हाती गेले. वाइल्डरसाहेबांनी पूर्वी कोल्हापुरातच मिशनाचे काम केले होते आणि मायदेशी परतल्यावर ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत होते. त्यांनी पत्र छापिले व सोबत आपला अभिप्रायही दिला. त्याचा आशय असा की, हे कुटुंब ख्रिस्ती होत असेल तर साह्य करिता येईल.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तो अभिप्राय आमच्याच पंथातील एका भल्या, कष्टाळू सेवकाचा होता, आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. त्यांनी ते पत्र फाडून टाकिले नाही, छापिले. त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. तथापि साह्याच्या आधी त्यांनी एक अट ठेविली. तहानेल्याने पाणी मागितले आणि आपण म्हणालो, “आधी आमच्या आळीत राहावयास ये.” गोपाळरावांनी ही अट मान्य केली नाही. गोष्ट येथेच संपावयाची.

परंतु सन १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईतो वेळ जावा म्हणून त्यांनी तेथे पडलेला मासिकाचा जुना अंक उचलिला. त्यात ते पत्र होते, आणि ती अटही होती. दोन्ही त्यांनी वाचिली. नंतर घरी जाऊन त्यांनी त्या अनोळखी हिंदी मुलीस पत्र लिहिले. मुलीचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते. लिहिणाऱ्या बाई कोणा संस्थेच्या चिटणीस नव्हत्या, श्रीमंत दात्या म्हणून प्रसिद्ध नव्हत्या, हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नव्हता. कोठे तरी कोणी अडले आहे एवढे त्यांस कळले आणि आपले घर उघडे आहे, असे त्यांनी कळविले. त्या घरास अटीचा उंबरठा नव्हता.

एकाच पत्राची ही दोन उत्तरे झाली. कोणते उत्तर शोमरोनी मनुष्याच्या रीतीचे होते, हे लूकचा दहावा अध्याय वाचणाऱ्यास सांगावयास नको. त्या दृष्टांतात जखमी मनुष्यास त्याचा पंथ कोणी विचारीत नाही. विचारण्यापूर्वीच त्याच्या जखमांवर तेल पडलेले असते.

२. तीन वर्षांची ओळख

आता दुसरी गोष्ट ध्यानात घ्या. पत्र आले आणि आनंदीबाई लागलीच जहाजावर चढल्या, असे झाले नाही. सन १८८० पासून सन १८८३ पर्यंत पत्रे येत जात राहिली. गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. पत्रांचा धागा तुटला नाही. आनंदीबाईंनी आपले रीतिरिवाज, सणवार, स्त्रियांची स्थिति, बालविवाह ह्यांविषयी लिहिले. कार्पेंटरबाईंनी आपल्या घराविषयी, मुलांविषयी, देशाविषयी लिहिले. कलकत्त्यास असता आनंदीबाईंची प्रकृति ढासळली. डोके दुखणे, ताप, अशक्तपणा सुरू झाला. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. औषधांनी गुण आला नाही, परंतु हजारो कोसांवरून आपल्या तापाची काळजी करणारे कोणी आहे, हे औषध लहान नव्हे. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या.

ह्यात परदेशी जाणाऱ्यांस व त्यांच्या आईबापांस मोठा बोध आहे. परक्याचा स्नेह स्वीकारावा, पण तो पारखून स्वीकारावा. ज्याने आज ओळख केली आणि उद्या पैसा मागितला, ज्याने कामाचे वचन दिले पण मालकाचे नाव दिले नाही, जो पारपत्र आपल्या हाती ठेवू म्हणतो, तो स्नेही नव्हे. खरा स्नेह प्रश्नांस भीत नाही, उत्तर देण्यास कंटाळत नाही, आणि वेळ लागला तरी रुसत नाही. कार्पेंटरबाईंनी तीन वर्षे वाट पाहिली.

३. समुद्र व पलीकडचे घर

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगाल्यातील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. हे तेच कॉलेज, जे विल्यम कॅरी व त्यांच्या सोबत्यांनी सन १८१८ मध्ये स्थापिले. आपण अमेरिकेस का जातो, हे त्यांनी सांगितले. ह्या देशास स्त्री वैद्यांची गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्या भाषणाचा भाव होता. मिशनाच्या कॉलेजात उभे राहून हे बोलण्यास धैर्य लागते. आणि ते शांतपणे ऐकून घेण्यासही काही एक सभ्यता लागते. त्या दिवशी त्या दिवाणखान्यात दोन्ही होती.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. पति बरोबर नव्हते. सोबतीस ओळखीच्या युरोपियन बाया होत्या. वय अठरा वर्षांचे. दागिने विकून पैसा उभा केलेला. दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी जहाज न्यूयॉर्क बंदरी लागले, आणि धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या.

ज्यांनी कधी मुंबईस पहिल्याने उतरून गर्दीत ओळखीचा चेहरा शोधिला असेल, त्यांस त्या क्षणाचे मोल कळेल. पत्रातील अक्षरास एकदम तोंड आले, हात आले. बाईंनी त्या मुलीस आपल्या रोझेलच्या घरी नेले. तो सबंध उन्हाळा आनंदीबाई तेथे राहिल्या. शाकाहार त्यांनी सोडिला नाही. आणि त्या घराने तो सोडावा असा हट्ट धरिला नाही. लुगडे त्यांनी सोडिले नाही. थंडीपासून अंग झाकावे म्हणून नेसण्याची तऱ्हा मात्र बदलिली. पाहुणीने किती बदलावे हे पाहुणीने ठरविले, यजमानिणीने नव्हे. हे वाक्य उपदेशकांनी आपल्या वहीत लिहून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

४. परक्यांची मंडळी

ऑक्टोबर १८८३ पासून फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचा अभ्यास सुरू झाला. विद्यालयाच्या मुख्याधिकारी रेचल बॉडली ह्यांनी त्यांजवर ममता केली. तेथे आणखी दोन परदेशी मुली होत्या. जपानच्या केइको ओकामी आणि सीरिया देशाच्या सबात इस्लामबुली. ह्या तिघींचे १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढिलेले एक छायाचित्र आहे, आणि तिघीही त्यात आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एकीचा धर्म दुसरीचा नाही, एकीची भाषा दुसरीस येत नाही, तिघींचेही घर समुद्रापलीकडे. परक्या भूमीत परके परक्यांस कसे सापडतात, ह्याची ती साक्ष आहे. आपली मुले परदेशी गेल्यावर केवळ आपल्या गावच्या माणसांतच घोटाळत राहतात. त्यांस हे चित्र दाखवावे.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदानाचा समारंभ झाला. त्या समारंभास इंग्लंडाहून एक पाहुणी आली होती. ती म्हणजे आपल्या पंडिता रमाबाई. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील होत्या. सन १८८३ मध्येच, ज्या वर्षी आनंदीबाई हिंदू राहण्याचा निश्चय सांगून निघाल्या, त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता. एकीने ख्रिस्ताचा मार्ग धरिला, एकीने धरिला नाही. तथापि समुद्र ओलांडून रमाबाई तिच्या आनंदाच्या दिवशी हजर राहिल्या. बॉडलीबाईंनी पुढे रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकास प्रस्तावना लिहिली. बोस्टन येथे रमाबाईंच्या कार्यास साह्य करणारी मंडळी सन १८८७ मध्ये उभी राहिली. आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. म्हणजे आनंदीबाईंसाठी उघडलेल्या दारातूनच रमाबाईंसही वाट मिळाली, आणि त्या वाटेने कित्येक विधवा निवाऱ्यास आल्या. दंतवैद्याकडे उचललेल्या एका जुन्या अंकाचे फळ कोठवर पोहोचले, ते पाहा.

५. शेवट

आनंदीबाईंची प्रकृति क्षयाने पोखरली होती. सन १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु ते काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत बाईंनी ती ठेविली आणि वर दगड उभारिला. तो दगड आजही तेथे आहे. ज्या मुलीशी रक्ताचे नाते नाही, ज्या मुलीने आपला धर्म स्वीकारिला नाही, जी मुलगी आपल्या घरी एक उन्हाळा राहिली, तिला त्या बाईंनी आपल्या माणसांत जागा दिली. आमच्या गावांत अजूनही कोणास कोणत्या मसणवटीत जागा द्यावी ह्यावरून भांडणे होतात. म्हणून हा भाग वाचताना आम्हांस बोलवेनासे होते.

६. बोध

पहिला बोध : स्नेहाचा आरंभ लहान गोष्टीने होतो. कार्पेंटरबाईंस कोणी पाठविले नव्हते, कोणी आज्ञा केली नव्हती. रिकामा अर्धा तास आणि एक जुना अंक एवढेच साधन होते. परदेशी एकटा पडलेला आपला मुलगा जेव्हा लिहितो की, शेजारच्या बाईने ताप असता पेज आणून दिली, तेव्हा तीही लहान गोष्टच असते. ती विसरू नका. त्या बाईचे नाव घरच्या प्रार्थनेत घ्या.

दुसरा बोध : ज्या स्नेहास किंमत आहे तो व्यवहार होय. आम्ही विश्वास लपवावा असे कोणी म्हणत नाही. कार्पेंटरबाईंनी आपला धर्म लपविला नाही, रमाबाईंनीही नाही. परंतु भाकरीच्या बदल्यात धर्म मागणे, अथवा धर्माच्या बदल्यात भाकरी देणे, ह्याने दोन्हीही नासतात. आपल्या वाडवडिलांस पोटासाठी बाटलेले म्हणून हिणविले गेले. तो डंख आपणांस ठाऊक आहे. म्हणून तरी आपण कोणावर असला संशय येईल असे साह्य करू नये.

तिसरा बोध : स्नेहात दोघेही देणारे असतात. आनंदीबाई केवळ घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आपल्या मुलखाची माहिती दिली, आपले मन दिले, आणि त्यांच्या येण्याने रोझेलच्या घरास पृथ्वीचा दुसरा अर्धा भाग दिसला. आपले कविवर्य नारायण वामन टिळक ह्यांची गोष्ट आठवा. सन १८९३ मध्ये राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत त्यांस एक परदेशी गृहस्थ भेटला. त्याने आरंभीच उपदेश केला नाही. संस्कृत काव्याविषयी तो टिळकांशी बोलत बसला. जे टिळकांजवळ होते ते त्याने आधी घेतले आणि मग आपल्याजवळचा नवा करार त्यांस दिला. टिळकांनी तो वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. घेणे ज्यास ठाऊक नाही त्याचे देणे कोणी मनापासून स्वीकारीत नाही.

चवथा बोध : परका तो नेहमी दुसराच असतो असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पौल जहाज फुटून माल्टा बेटावर येतो. पाऊस व थंडी आहे. बेटावरील लोक विस्तव पेटवितात. ते लोक ख्रिस्ती नव्हते. त्यांनी शुभवर्तमान ऐकिले नव्हते. तेथे ओला, थिजलेला, परका असा कोणी असेल तर तो प्रेषितच होता. शेकोटी अन्यधर्मी लोकांची होती. आपण सदा शोमरोन्याच्या जागी स्वतःस कल्पितो. कधी कधी वाटेवर पडलेला मनुष्य आपणच असतो. ह्या देशात आपल्या कित्येक मंडळ्यांस शेजारच्या हिंदू व मुसलमान बांधवांनी दुष्काळात, आजारात, मयतीत जो हात दिला, त्याचे स्मरण ठेवणे हाही ह्या धड्याचा भाग आहे.

७. आमचा अपराध

आता आरंभी कबूल केलेली गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी भाद्रपदात एक वृद्ध परदेशी जोडपे वेरूळ पाहून परत येत होते. पडेगावाजवळ त्यांची भाड्याची गाडी बंद पडली. चालक दुरुस्तीसाठी माणूस आणावयास गेला आणि पाऊस आला. आमच्या मंडळीत एक विधवा आहे. तिला सगळा गाव मावशी म्हणतो. तिचे घर रस्त्यालगत आहे. तिने त्या दोघांस खुणेने घरात बोलाविले, अंग पुसावयास धडुते दिले, आणि चुलीवरचे पिठले व भाकरी त्यांच्यापुढे ठेविली. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांस तिची येत नव्हती. ती तिघे तासभर बसली होती. आणि आम्ही गेलो तेव्हा हसत होती. कशास हसत होती, ते आम्हांस आजवर कळले नाही.

कोणी तरी आम्हांस कळविले की मावशीकडे गोरे पाहुणे आले आहेत. आम्ही सेमिनरीत शिकलेलो. आम्हांस त्यांची भाषा येते. आम्ही लगबगीने गेलो. नमस्कार झाला. आणि पावघटकाही झाली नसेल तोच आम्ही प्रार्थनामंदिराच्या गळक्या पत्र्यांची गोष्ट काढिली. आम्ही काही मागितले नाही, असे आम्ही त्या वेळी मनास समजाविले. परंतु आम्ही मागितलेच होते. त्या गृहस्थाने खिशातून पाचशेच्या चार नोटा काढून आमच्या हाती दिल्या. बाईचे हसू थांबले. ती अदबीने बसून राहिली, जशी माणसे कचेरीत बसतात. थोड्या वेळाने गाडी आली व ती दोघे गेली.

मावशी भांडी आवरीत होती. वर न पाहता ती म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या भाकरीचं मोल तुम्ही का घेतलं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैसे परत करावे असे मनात आले, आणि तेव्हा ध्यानात आले की आम्ही त्यांचे नाव विचारिले नाही, गाव विचारिले नाही. देश कोणता तेही विचारिले नाही. भाषा येत असून आम्ही ती एका कामापुरती वापरली. मावशीस भाषा येत नव्हती, आणि तिने त्यांस पाहुणे केले. कार्पेंटरबाईंनी एका अनोळखी मुलीचे केवळ नाव व पत्ता मिळविला. दुसरे काही मागितले नाही. आम्ही दुसरे सर्व घेतले आणि नाव व पत्ता तेवढा सोडिला.

त्या पैशांतून चार पत्रे बदलले. आता त्या जागी गळत नाही. परंतु पावसाळ्यात उपदेशास उभे राहिलो की, आमची दृष्टि त्या कोपऱ्याकडे जाते, आणि मावशी तेथेच खाली बसलेली असते. ती काही बोलत नाही. तिने पुन्हा कधी तो विषय काढिला नाही. आम्हीच एके रविवारी मंडळीपुढे उभे राहून ही गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून पडेगावच्या मंडळीने एक ठराव केला आहे : वाटेवर अडलेल्या परक्यास, तो कोठलाही असो, पाणी, सावली व जेवण द्यावे, त्याचे नाव विचारावे व आपले सांगावे, आणि मंदिराच्या, शाळेच्या अथवा आपल्या अडचणीची गोष्ट त्याजपुढे काढू नये. देणाऱ्याच्या मनात आलेच तर तो विचारील. अतिथीस दाता समजणे हा त्याचा सन्मान नव्हे.

आणि त्या आईस, जी विचारते की तिकडे माझ्या लेकराला कोण आपले म्हणेल, आम्ही काय सांगावे? आम्ही हेच सांगतो : बाई, तिकडेही कोठे तरी कार्पेंटरबाई असेल. ती भेटेलच अशी हमी आम्ही देत नाही. परंतु अशी माणसे असतात, हे पोकिप्सीच्या दगडावरून ठाऊक आहे. तुमच्या मुलास शिकवा की घेतलेला स्नेह तोलून पाहू नये आणि दिलेला मोजू नये. आणि तो परत येईपर्यंत, ह्या रस्त्याने जे कोणाचे तरी लेकरू जात असेल, त्यास तुम्ही आपले म्हणा.

उपदेशकांसाठी

हा धडा एका बैठकीत पुरा होणार नाही. दोन आठवडे घ्यावे. पहिल्या आठवड्यात आनंदीबाईंचा वृत्तांत सांगावा, दुसऱ्या आठवड्यात बोध. वृत्तांत सांगताना वाइल्डरसाहेबांची निंदा करू नये व त्यांची अट झाकूही नये. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे त्यांस तेथे भेटलेल्या माणसांविषयी बोलावयास सांगावे. ह्या गोष्टी मंडळीस पुस्तकांतून मिळणार नाहीत. नंतर पुढील प्रश्न विचारावे :

१. गोपाळरावांच्या पत्रास मिळालेल्या दोन उत्तरांत भेद कोणता? आपल्या मंडळीकडे कोणी साह्य मागितले असता आपण कोणते उत्तर देतो?

२. आनंदीबाई तीन वर्षे पत्रे लिहून मग निघाल्या. परदेशी जाणाऱ्याने कोणाकोणाची, व कशी पारख करावी?

३. रमाबाई व आनंदीबाई ह्यांची श्रद्धा निराळी असून स्नेह कसा टिकला?

४. माल्टा बेटावर विस्तव कोणी पेटविला? आपल्यासाठी असा विस्तव पेटविणारा, पण आपल्या मंडळीबाहेरचा, शेजारी कोण? ह्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आभार मानावे.

५. आपल्या गावावरून जाणाऱ्या परक्यांपैकी एकाचे तरी नाव आपणांस ठाऊक आहे काय?